जांभळ्या ट्यूबमधलं रक्त पिवळ्या ट्यूबमध्ये का ओतायचं नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई लॅबमध्ये नव्याने कामाला लागल्या आहेत. ट्यूबचे रंग आणि रक्त भरण्याचा क्रम त्यांना पाठ आहे, पण कारण विचारलं की "तसंच असतं" एवढंच उत्तर मिळतं. त्यांना तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सगळ्या तपासण्या एकाच ट्यूबमधून का होत नाहीत? क्रम कशासाठी? आणि एका ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं तर दुसरीतलं थोडं त्यात ओतल्याने नक्की काय बिघडतं?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो कळला की बाकीचे दोन आपोआप सुटतात.

एकदा रात्रपाळीला बायोकेमिस्ट्रीच्या मशीनवर एका बाईंचे तीन आकडे एकाखाली एक आले: पोटॅशियम ११.८, कॅल्शियम २.१, अल्कलाइन फॉस्फटेज (एक एन्झाइम) ९. पोटॅशियम ७ च्या पुढे गेलं की हृदयाची लय कधीही बिघडू शकते, म्हणून मी आधी वॉर्डात फोन लावला. उत्तर आलं, बाई उठून बसल्या आहेत, मुलीशी बोलताहेत. मग मी ट्यूब हातात घेतली. पिवळ्या टोपणाची जेल ट्यूब होती. तिच्यात जेलच्या खाली रक्त गोठून घट्ट बसलेलं असायला हवं. इथे ते पातळ होतं, ट्यूब तिरपी केली की हलत होतं. सिस्टरना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "शीर सापडत नव्हती, पिवळ्यात थोडंच आलं, म्हणून जांभळ्यातलं त्यात घातलं." त्यांनी खरं सांगितलं याबद्दल मला आजही त्यांचे आभार मानावेसे वाटतात, कारण पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन भरायची तयारी सुरू झाली होती. नव्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम ४.१ आलं, कॅल्शियम ९.२.

आता हे तीनही आकडे एकदम का बिघडले ते पाहा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे आपण ज्याला ईडीटीए बल्ब म्हणतो त्यात, ईडीटीएचं पोटॅशियमयुक्त मीठ असतं. एक मिलिलिटर रक्तामागे साधारण दीड ते सव्वादोन मिलिग्रॅम. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. त्याचं काम नेमकं हेच. पण ते रक्त बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये गेलं की मिठातलं पोटॅशियम मोजलं जातं, पकडलेलं कॅल्शियम मशीनला दिसत नाही, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियमही ईडीटीए ओढून घेतं, म्हणून ते एन्झाइम जवळपास बंद पडतं. पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खाली, हे त्रिकूट दिसलं की रुग्णाच्या आधी ट्यूबवर संशय घ्या.

मला मात्र ११.८ ची इतकी भीती वाटत नाही, कारण तो आकडा ओरडून सांगतो की काहीतरी चुकलंय. भीती वाटते ती थोडक्या भेसळीची. जांभळ्यातलं थोडंसं रक्त मिसळलं आणि खरं ४.३ असलेलं पोटॅशियम ५.७ दिसलं, तर रिपोर्ट पटण्यासारखा वाटतो. त्याहून वाईट उलटा प्रकार. उलट्या-जुलाबांनी रुग्णाचं पोटॅशियम खरोखर २.७ वर आलेलं असतं, भेसळीमुळे ते ३.८ दिसतं, आणि सगळं नॉर्मल म्हणून त्याला घरी पाठवलं जातं. अशा रिपोर्टवर कुणी फोन करत नाही. म्हणून एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतायचं नाही, अगदी दोन्हींची टोपणं एकाच रंगाची असली तरी नाही. कारण तेव्हाही रक्त आणि रसायनाचं प्रमाण बिघडतं.

यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. रक्त शिरेतून बाहेर आलं की ते बदलायला लागतं. ते गोठतं, पेशी साखर खात राहतात, पेशींच्या आतलं बाहेर झिरपतं. प्रत्येक ट्यूब यांपैकी एक बदल थांबवते किंवा मुद्दाम घडवून आणते, आणि ते करताना दुसरी एखादी तपासणी बिघडवते. ट्यूब ही नुसती बाटली नाही. तपासणीचा पहिला टप्पा ट्यूबमध्येच सुरू होतो, आणि मशीन मोजतं ते ट्यूबने करून ठेवलेलं रक्त.

ईडीटीएची जागा पेशींच्या तपासणीत आहे: सीबीसी (पेशींची मोजणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), रक्तगट, मलेरियाचे परजीवी, पीसीआरच्या (जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासण्या. पेशींचा आकार ते चांगला टिकवतं. पण रक्त आत आल्या आल्या ट्यूब आठ-दहा वेळा उलटसुलट करायला हवी. हलवायची म्हणजे खडखडवायची नाही, मनगट फिरवून सावकाश उलटी आणि पुन्हा सुलटी. आतला हवेचा बुडबुडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला की एक वेळ झाली. सीबीसीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, फक्त २०,००० आल्या आणि रुग्णाला कुठे रक्तस्राव नाही, तेव्हा मी ट्यूबचं टोपण काढून लाकडी काडी आत फिरवून बघते. कितीतरी वेळा काडीच्या टोकाला लालसर, शेवाळासारखा एक तंतू चिकटून वर येतो. ती गुठळी. प्लेटलेट तिच्यात अडकलेल्या असतात आणि मशीनने उरलेल्या तेवढ्या मोजलेल्या असतात. असं सॅम्पल दुसरं मागवायचं, गुठळी काढून तेच पुन्हा चालवायचं नाही.

काडीला काही लागलं नाही तरी स्लाइड बघा. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकींना चिकटतात. आजार काही नसतो, ट्यूबमध्ये घडणारी ती प्रतिक्रिया असते. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसतात. मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण तिथे द्रवामुळे रक्त दहा टक्के पातळ झालेलं असतं. ही गोष्ट न कळल्यामुळे लोकांना प्लेटलेट चढवण्यापर्यंत किंवा ऑपरेशन पुढे ढकलण्यापर्यंत वेळ येते, म्हणून रिपोर्टवर तसा शेरा स्पष्ट लिहा.

फिकट निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब सगळ्यात नाजूक आहे, तिच्यावर थोडं थांबते. तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेटचा द्रव असतो आणि प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. प्रोथ्रोम्बिन टाइम, आयएनआर, एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर या रक्त गोठण्याशी संबंधित तपासण्या यातून. सायट्रेटही कॅल्शियमच पकडतं, पण त्याची पकड सौम्य असते. गोठणं तात्पुरतं थांबवायचं आणि तपासणीच्या वेळी मशीनने मोजून कॅल्शियम परत घालून रक्त गोठवायचं, असा हा खेळ आहे. तिथे ईडीटीए चालत नाही, कारण त्याची पकड घट्ट असते. घातलेलं कॅल्शियमही ते गिळून टाकतं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषधही चालत नाही, कारण ते गोठण्याची साखळीच अडवतं.

आता समजा ट्यूब २.७ मिलिलिटर रक्तासाठी आहे आणि आत ०.३ मिलिलिटर सायट्रेट आहे. शीर आटली आणि १.८ मिलिलिटरच रक्त आलं. प्रमाण नवास एकऐवजी सहास एक झालं. जास्तीचं सायट्रेट मशीनने घातलेलं कॅल्शियम खातं, रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर (गोठायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडा) खोटा वाढतो. हा रुग्ण वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असेल तर डॉक्टर गोळी कमी करतील आणि त्याच्या हृदयातल्या कृत्रिम झडपेवर गुठळी धरू शकते. म्हणून खुणेपर्यंत न भरलेली निळी ट्यूब मी परत पाठवते, कुणी कितीही रागावलं तरी. किमान ९० टक्के भरलेली हवीच. याच हिशोबाचं दुसरं टोक म्हणजे ज्यांचा हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ५५ च्या वर असतो ते रुग्ण. त्यांच्या रक्तात पेशी जास्त आणि प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा द्रव) कमी, म्हणून बरोबर भरलेल्या ट्यूबमध्येही सायट्रेट जास्त होतं. त्यांच्यासाठी सायट्रेट मोजून कमी केलेली ट्यूब लॅबकडून आधी तयार करून घ्यावी लागते.

बारीक नळी जोडलेल्या बटरफ्लाय सुईने पहिलीच ट्यूब निळी घेत असाल तर आणखी एक काळजी. त्या बारीक नळीत हवा असते, ती आधी ट्यूबमध्ये शिरते आणि ट्यूबची रक्त खेचायची तेवढी ओढ वाया जाते. म्हणून आधी एक वेगळी ट्यूब लावून नळीतली हवा काढून घ्या, ती ट्यूब टाकून द्या, मग खरी निळी लावा.

काळ्या टोपणाची ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) ट्यूबही सायट्रेटचीच, पण तिच्यात चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. निळी संपली म्हणून काळी वापरायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

लाल आणि पिवळ्या ट्यूबमध्ये उलटं काम होतं. तिथे रक्त गोठवायचंच असतं, कारण आपल्याला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, हवं असतं: किडनी, लिव्हर, लिपिड, थायरॉइड, विटॅमिनं, बहुतेक अँटिबॉडी तपासण्या. जुन्या काचेच्या प्लेन बल्बमध्ये काहीच नसायचं, काच स्वतःच रक्त गोठवायची. प्लास्टिक तसं करत नाही, म्हणून आताच्या लाल ट्यूबच्या आतल्या भिंतीवर सिलिकाची बारीक पूड असते. प्लास्टिकची लाल ट्यूब "रिकामी" असते हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. क्रम कळायला ते उपयोगी पडेल. पिवळ्यात याशिवाय तळाशी जेल असतं. ते सीरमपेक्षा जड आणि रक्तपेशींपेक्षा हलकं केलेलं असतं. सेंट्रीफ्यूजमध्ये फिरताना पेशी खाली जातात, सीरम वर राहतं आणि जेल सरकत सरकत दोघांच्या मधोमध येऊन भिंत उभी करतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तीच ट्यूब बराच वेळ हातात धरून बसले होते. वजनाच्या एवढ्याशा फरकावर सगळं काम होतं.

इथे घाई नडते. पाच वेळा उलटसुलट करून ट्यूब उभी ठेवा आणि निदान अर्धा तास गोठू द्या. हेपॅरिन चालू असलेल्या रुग्णाचं रक्त त्याहून जास्त वेळ घेतं. अर्धवट गोठलेलं फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे (गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात, मशीनची सुई तुंबते आणि आकडे खोटे येतात. जेलची ट्यूब एकदा फिरवली की पुन्हा फिरवायची नाही, कारण जेलखाली अडकलेलं, पोटॅशियमने भरलेलं पाणी वर येतं. आणि न फिरवलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. "थंडीत टिकतं" हे बऱ्याच गोष्टींना लागू असेल, पण पेशींच्या भिंतीवरचा पोटॅशियम आत ओढणारा पंप थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर गळत राहतं. त्यात सीरम लालसुद्धा होत नाही, त्यामुळे हिमोलिसिससारखा (पेशी फुटल्यासारखा) डोळ्यांना दिसणारा पुरावाही मिळत नाही. फेनिटॉइनसारख्या काही औषधांची पातळी मोजायची असेल तर जेल नको, कारण जेल औषध शोषून घेतं. साधी लाल घ्या.

हिरवी म्हणजे हेपॅरिन. गोठण्याची वाट पाहायला वेळ नसतो तेव्हा तातडीच्या बायोकेमिस्ट्रीसाठी ती कामाची. ज्यांच्या प्लेटलेट खूप जास्त असतात त्यांचं पोटॅशियमही हिरव्यातूनच पाहावं, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधलं पोटॅशियम सीरममध्ये सुटतं. बहुतेक हिरव्या ट्यूबमध्ये लिथियम हेपॅरिन असतं. मनाच्या आजारावर लिथियम घेणाऱ्या रुग्णाची लिथियमची पातळी त्या ट्यूबमध्ये काढली तर विषबाधा झाल्याचा आकडा येऊ शकतो. पीसीआरसाठीही हेपॅरिन नको, ते त्या प्रक्रियेत अडथळा आणतं.

राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबबद्दल सगळ्यांचा समज असा की साखर त्यात लगेच थांबते. तसं नाही. साध्या ट्यूबमध्ये पेशी ताशी साधारण ५ ते ७ टक्के साखर संपवतात. १०० ची साखर तीन तासांत ८० च्या घरात येते. फ्लोराइड एनोलेज नावाचं एन्झाइम अडवतं, पण ते साखर मोडण्याच्या साखळीत शेवटाकडे आहे. आधीच्या पायऱ्यांवरची एन्झाइमं आणखी तास-दोन तास साखर ओढत राहतात, मग कुठे आकडा स्थिर होतो. म्हणजे राखाडी ट्यूब साखर टिकवते ती नंतरच्या तासांत, पहिल्या तासात नाही. निदान साखरेच्या एका आकड्यावर ठरणार असेल, विशेषतः गरोदर बाईंचं, तर राखाडी ट्यूबसुद्धा टेबलावर पडू देऊ नका, लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करा. सायट्रेटने आम्ल केलेल्या नव्या ट्यूब साखळीची पहिली पायरीच अडवतात, त्या मिळत असतील तर उत्तम. ज्यांच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर आहेत त्यांची साखर ट्यूबमध्ये झपाट्याने उतरते. तिथे कमी साखरेचा आकडा दिसला की आधी सॅम्पल किती वेळ पडलं होतं ते विचारा. राखाडी ट्यूबमधून साखर आणि लॅक्टेट सोडून बाकी काही करू नका, फ्लोराइड इतर एन्झाइमंही अडवतं.

गडद निळी ट्यूब शिसं, जस्त, तांबं यांसारख्या सूक्ष्म धातूंसाठी असते, गुलाबी बहुधा रक्तपेढीसाठी. त्या क्वचित लागतील, तेव्हा लेबल वाचूनच वापरा. किंबहुना प्रत्येक ट्यूबचं लेबल वाचा. रंगांसाठी आयएसओ ६७१० हे मानक आहे, पण प्रत्येक कंपनीच्या छटा हुबेहूब सारख्या नसतात, आणि फिकट-गडद निळ्यात रात्रीच्या उजेडात गल्लत होते. रंग ही खूण आहे, खरी माहिती लेबलवर असते. मुदतही बघा. या ट्यूबमध्ये हवा काढून ठरावीक ओढ ठेवलेली असते. जोसेफ क्लायनर यांनी १९४० च्या दशकात ही युक्ती काढली. जुन्या ट्यूबची ओढ कमी होते, ती अर्धवट भरते, आणि दोष मात्र रक्त घेणाऱ्याच्या हाताला मिळतो.

आता क्रम. ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या) बाटल्या सर्वांत आधी, कारण त्यांत बाहेरचा जंतू जायला नको. मग फिकट निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. तत्त्व एकच: आधीच्या ट्यूबमधलं काही सुईबरोबर पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तरी तिथली तपासणी बिघडू नये. निळी लालच्या आधी, कारण लालमधली सिलिका गोठण्याच्या तपासण्या बिघडवेल. जांभळी पिवळी-हिरवीच्या नंतर, कारण ईडीटीए काय करतं ते वर पाहिलंच. राखाडी शेवटी, कारण तिच्यात सोडियम-पोटॅशियमची मिठं आणि फ्लोराइड दोन्ही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर बंद व्हॅक्यूम पद्धतीने, ट्यूब खाली आणि सुई वर ठेवून नीट रक्त घेतलं तर अशी भेसळ फारच थोडी होते. खरा धोका सिरिंजने रक्त घेऊन ट्यूब भरताना असतो आणि त्याहून जास्त टोपण उघडून ओतताना. तरीही क्रम सोडू नका. तो पाळायला जास्तीचा वेळ लागत नाही, आणि शीर धडपडून मिळालेली असते तेव्हा सवयच हात सांभाळते.

सिरिंज वापरावीच लागली तर दट्ट्या दाबून रक्त ट्यूबमध्ये ढकलू नका. पेशी फुटतात, सीरम गुलाबी येतं आणि पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही पेशींमधली एन्झाइमं वाढतात. ट्यूबला तिच्या ओढीने हवं तेवढं घेऊ द्या. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवू नका आणि रुग्णाला मूठ उघडझाप करायला सांगू नका, त्यानेही पोटॅशियम चढतं. लेबल मात्र रक्त घेतल्यावर, रुग्णासमोर, त्याला नाव विचारून लावा. आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूब शेजारच्या खाटेवर भरल्या जातात, आणि ती चूक कुठलंही मशीन पकडू शकत नाही.

आणि रक्त खरंच कमी आलं तर? आधी ठरवा की आज कुठल्या तपासणीवर उपचार अडलाय. ट्यूब बदलायची सोय बऱ्याचदा असते: एचबीए१सी सीबीसीच्याच जांभळ्या ट्यूबमधून होतं, पिवळी लगेच फिरवली तर साखर तिच्यातूनही चालते, आणि कमी रक्ताच्या छोट्या ट्यूब बाळांसाठी असल्या तरी मोठ्यांनाही चालतात. जांभळी अर्ध्याहून कमी भरली तर पेशी आकसतात, तेव्हा तशी पाठवण्याआधी विचारा. निळी कमी भरली असेल तर पाठवूच नका. ट्यूब हातात असतानाच लॅबला फोन करा, किती मिलिलिटर आलंय आणि कुठल्या टोपणात आलंय ते सांगा. त्या रक्तात काय होऊ शकतं ते आम्ही तिथल्या तिथे सांगू, आणि दुसरी सुई टोचायची की नाही ते रुग्णाचा हात अजून तुमच्या समोर असतानाच ठरेल.